फळ्यांच्या नोंदी: सूचिपर्णी जंगलातल्या औषधी अळंब्या ओळखताना

16 ऑगस्ट 2025
काम ठरलं. स्प्रूस, फर, पाइन, थोडा लार्च आणि कडेकडेने बर्च असलेल्या जंगलात खोडावर फळीसारख्या उगवणाऱ्या अळंब्या ओळखायच्या. त्यातल्या ज्यांच्या नावाला कुठे ना कुठे 'औषधी' चिकटलेलं असतं, त्यांची मराठीत ओळखपत्रं करायची. आम्ही चौघं आहोत. सूक्ष्मदर्शक ताईकडे, झाडं दोघांकडे, आणि माझ्याकडे वही, पिशव्या आणि बहुधा चुका.

सामान: दहापट भिंग, चाकू, छोटी करवत, फूटपट्टी, कागदी पिशव्या (प्लॅस्टिकमध्ये अळंबीला घाम फुटतो आणि दोन दिवसांत बुरशीलाच बुरशी येते), शिसपेन्सिल. दाताचे डॉक्टर वापरतात तसला लांब दांड्याचा छोटा आरसा ताईने आणला. आधी हसलो. मग कळलं की फळीच्या खालची बाजू न तोडता बघायची तर दुसरा उपाय नाही.

एक नियम आजच लिहून ठेवतो: या प्रकल्पात कुणीही काहीही चाखणार नाही, उकळणार नाही, कुणाला देणार नाही.

23 ऑगस्ट
पहिल्याच फेरीत घबाड! आडव्या पडलेल्या, साल गेलेल्या ओंडक्यावर तळहाताएवढी फळी. वरून लालसर तपकिरी, लाखेचं पॉलिश केल्यासारखी चकचकीत. कडेला नारिंगी पट्टा, त्यापुढे मलईसारखी पांढरी किनार. किनारीवर पाण्याचे टपोरे थेंब. पाऊस चार दिवसांपूर्वीचा, म्हणजे थेंब अळंबीनेच टाकलेले. वाढत्या फळ्या असं पाणी टाकतात.

नोंद: फ-3, गॅनोडर्मा. पेनाने लिहिलं. रेशी किंवा लिंगझी म्हणून जगभर ज्याचा बोलबाला आहे त्याच गटातलं. ताई म्हणाली, "पेन्सिलने लिही." मी ऐकलं नाही.

30 ऑगस्ट
दिवसभर झाडंच. एकही फळी तोडली नाही.

अळंबी ओळखायची तर आधी ती कशावर बसली आहे ते ओळखावं लागतं, आणि उभं झाड ओळखणं सोपं असलं तरी आपल्याला मिळतात ते मेलेले ओंडके. उभ्या झाडांची उजळणी अशी झाली: स्प्रूसची सुई तोडली की फांदीवर खुंटी राहते, म्हणून उघडी डहाळी हाताला खवल्यासारखी खरखरीत लागते. फरची सुई निघाली की गोल सपाट वण राहतो, डहाळी गुळगुळीत. फरची शंकूफळं फांदीवर उभी असतात आणि तिथेच पाकळी पाकळी होऊन झडतात, त्यामुळे खाली अख्खं फळ पडलेलं दिसलं तर ते सहसा फरचं नव्हे. लार्च थंडीत सगळ्या सुया झाडतो आणि त्याच्या फांदीवर आखूड गाठींसारखे कोंब असतात.

आता मेलेला ओंडका. करवतीने आडवा काप घेऊन भिंगातून पाहिला. पाइन, स्प्रूस, लार्च यांच्या लाकडात राळेच्या नळ्या असतात, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. फर आणि हेमलॉक यांच्या निरोगी लाकडात त्या नसतात. बर्चसारख्या रुंदपर्णी झाडात पाणी वाहणाऱ्या मोठ्या नलिका दिसतात, सूचिपर्णीत त्या नसतातच. (हेमलॉक म्हणजे इथे झाड. त्याच इंग्रजी नावाची विषारी वनस्पती गाजराच्या कुळातली, तिचा याच्याशी संबंध नाही. पत्रावर हे ठळक टाकायचं.)

फ-3 चा ओंडका: राळेच्या नळ्या आहेत, स्प्रूस असावा. लाकूड तपकिरी पडलेलं. तेव्हा त्या तपकिरीकडे माझं लक्ष गेलं नाही.

6 सप्टेंबर
फ-3 चं बिंग फुटलं.

गेल्या आठवड्यात फळीच्या खाली अर्धा काळा कागद आणि अर्धा चंदेरी वर्ख बांधून आलो होतो. आज काढला. काळ्या कागदावर बीजाणूंची (अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची) पांढुरकी, किंचित पिवळट पूड. गॅनोडर्माची असती तर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी पडायला हवी होती. ती इतकी पडते की हवेच्या झोताने वर चढून फळीच्या पाठीवरही साचते, शेजारचं शेवाळही तपकिरी होतं. आमच्या फळीची पाठ स्वच्छ चकचकीत होती. ही गोष्ट पहिल्या दिवशी डोळ्यांसमोर होती.

मग लाकूड. नखाने उकरलं तर चौकोनी ठोकळे सुटून आले, विस्तवात जळून तडकलेल्या लाकडासारखे. चिमटीत धरून चोळले तर पीठ. ही तपकिरी कूज: बुरशी लाकडातला सेल्युलोज खाते आणि लिग्निन (लाकडाला ताठरपणा देणारं द्रव्य) बहुतेक तसंच सोडते. गॅनोडर्मा पांढरी कूज करतो, लिग्निनही खातो, आणि लाकूड फिकट, मऊ, तंतुमय होतं. म्हणजे फळी न बघताही, नुसत्या भुश्यावरून माझी चूक पकडता आली असती.

संध्याकाळी खोलीवर काडीची परीक्षा (जंगलात अजिबात नाही). कवचाची खपली चिमट्यात धरून जळती काडी लावली. लाखेसारखं वितळलं, बुडबुडे आले. ताईने सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहिले: रंगहीन, गुळगुळीत, लांबट. फ-3 = फोमिटॉप्सिस पिनिकोला, लाल पट्ट्याची फळी. वहीतली पेनाची नोंद खोडून वर बरोबर नाव लिहिलं. खोडलेलं वाचता येईल असंच ठेवलंय, कारण ही चूक पत्रावर जायला हवी. कोवळी, चकचकीत लाल फोमिटॉप्सिस रेशी म्हणून खपणं ही या जंगलातली सर्वांत सोपी फसगत आहे.

7 सप्टेंबर
कालच्या नावाबद्दल ताईची पुरवणी. 'पिनिकोला' म्हणजे पाइनवर राहणारी, पण ती स्प्रूसवर, फरवर आणि बर्चवरसुद्धा बसते. नावावर विसंबून यजमान झाड ठरवायचं नाही. शिवाय उत्तर अमेरिकेत ज्याला इतकी वर्षं पिनिकोला म्हणत होते, त्यातून 2019 मध्ये दोन जाती नव्याने वेगळ्या काढल्या गेल्या. त्यातली एक, फोमिटॉप्सिस माउन्सी, कॅनडाच्या आयरीन माउन्स यांच्या नावाने. त्यांनी या बुरशीवर 1920 च्या दशकात काम केलं होतं. डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

रेशीचीही तीच तऱ्हा. गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव अठराव्या शतकात युरोपातल्या नमुन्यावरून पडलं आणि पुढे आशियातल्या लागवडीच्या जातीलाही तेच चिकटलं. 2012 मध्ये त्या आशियाई जातीला गॅनोडर्मा लिंगझी असं स्वतंत्र नाव मिळालं. म्हणजे कितीतरी जुन्या लिखाणात 'ल्युसिडम' वाचताना ती नक्की कोण, हे आधी विचारावं लागतं. औषधी गुणाचा दावा एका जातीवर तपासलेला आणि जंगलात हाती आलेली दुसरीच, असं सहज होऊ शकतं.

13 सप्टेंबर
मेलेल्या स्प्रूसच्या खोडावर शेकडो छोट्या पातळ टोप्या, एकीवर एक, कौलांसारख्या. वर राखाडी, केसाळ, मध्ये मध्ये शेवाळाने हिरवट. नवीन सहकाऱ्याने उत्साहाने वहीत 'टर्की टेल' लिहिलं, म्हणजे ट्रामेटीस व्हर्सिकलर. पेन्सिलने लिहिलं, हे त्याच्या बाजूने.

आरसा घातला. खालची बाजू जांभळी! कडेशी गडद, आत जाताना फिकट होत तपकिरी, आणि रंध्रं (बीजाणू सोडणारी बारीक छिद्रं) फाटून दातांसारखी झालेली. ट्रायकॅप्टम अबायटिनम. ट्रामेटीसची खालची बाजू पांढरट, बारीक गोल रंध्रांची, आणि ती मुख्यतः रुंदपर्णी झाडांवर, सूचिपर्णीवर क्वचितच. फळी जुनी झाली की जांभळा उडतो, म्हणून दहा टोप्यांपैकी सर्वांत ताजी शोधून तिची कड बघायची.

ट्रामेटीसबद्दल सगळे उत्सुक असतात ते तिच्यातून काढलेल्या पीएसके या बहुशर्करेमुळे. जपानमध्ये 1977 साली तिला कर्करोगाच्या इतर उपचारांच्या जोडीला द्यायचं औषध म्हणून मान्यता मिळाली. पण ते कारखान्यात काढलेलं, मोजून दिलेलं द्रव्य. ओंडक्यावरची टोपी खिशात घालून आणणं आणि ते, या दोन गोष्टींना एका वाक्यात बसवू नये असं माझं मत. ताई म्हणते पत्रावर मतं नकोत. वहीत तरी राहू दे.

त्याच खोडावर खालच्या अंगाला एक कातड्यासारखा पातळ पापुद्रा होता, रंध्रं नाहीत, खाली अगदी गुळगुळीत. नखाने ओरखडलं तर रक्तासारखं लाल पाझरलं. स्टेरियम सँग्विनोलेंटम. टोप्यांच्या गर्दीत तिसरा गडी.

20 सप्टेंबर
आजचा दिवस एका ओंडक्यापाशीच गेला, आणि सार्थकी लागला.

पडलेला मोठा स्प्रूस. त्यावर खुराच्या आकाराच्या दोन जुन्या फळ्या आहेत, पण वाकड्या: त्यांची रंध्रांची बाजू जमिनीकडे नाही, आडवी, झाडाच्या मुळाकडे तोंड करून. त्यातल्या एकीच्या कडेवर नवी छोटी फळी फुटली आहे आणि तिची खालची बाजू मात्र बरोबर जमिनीकडे. झाड उभं असताना फळीने रंध्रं खाली धरली होती. झाड आडवं झालं तशी तीही आडवी झाली. मग तिने नवीन वाढ पुन्हा खाली वळवली. बीजाणू उभ्या नळीतून सरळ खाली पडायला हवेत, नळी कलली तर ते भिंतीलाच चिकटतात. म्हणून हा आटापिटा.

जुन्या फळीचा उभा काप घेतला. नळ्यांचे थर मोजता आले, आडव्या भागात सात, वळलेल्या भागात तीन. वर्षाला एक थर धरला तर झाड तीनेक वर्षांपूर्वी पडलं. जुन्या फळ्या काळ्या-राखाडी झालेल्या, लाल पट्टा नाहीसा झालेला. त्यामुळे प्रश्न आला की ही म्हातारी फोमिटॉप्सिस की फोमेस फोमेंटॅरियस? खपलीला काडी लावली (खोलीवर आल्यावर): वितळली. फोमेसचं कवच असं वितळत नाही, करपतं. त्याच्या कवचावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की गडद लाल रंग सुटतो. इथे तो सुटला नाही. फोमिटॉप्सिस.

फोमेस तशी बर्चची आणि बीचची. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या थैलीत तिचा गाभा होता, ठिणगी धरायला. त्याच्याकडे बर्चवरच्या दुसऱ्या एका फळीचे दोन तुकडे चामड्याच्या पट्टीत ओवलेलेही होते. ते औषध म्हणून बाळगत असावा असा अंदाज केला जातो. अंदाज हा शब्द पत्रावरही ठेवायचा, नाहीतर पुढच्या नकलेत तो 'सिद्ध झाले आहे' होतो.

27 सप्टेंबर
पाऊस. गेलो नाही.

4 ऑक्टोबर
दुर्घटना. माझ्यामुळे.

नमुन्यांची पेटी उघडली तर फ-5, फ-8 आणि फ-11 च्या पिशव्यांच्या तळाशी बारीक पिवळट भुसा, आणि भुश्यात टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी भुंगेरे. सिइडी कुळातले असावेत, फळ्यांतच जन्म काढणारे. फ-8 हातात घेतली तर वरचं कवच शाबूत आणि आतून चाळण. दाबली तर बिस्किटासारखी मोडली.

वाळवून ठेवणं पुरेसं नाही, हे मला माहीत होतं. 40-45 अंशांवर वाळवून मग हवाबंद पिशवीत उणे 20 ला आठवडाभर ठेवायचं आणि मगच पेटीत. मी दुसरी पायरी 'पुढच्या वेळी' म्हणून सोडली. फ-8 चा फोटो आहे, बीजाणूंचा ठसा नाही, म्हणजे नमुना गेला. उरलेले सगळे आज शीतपेटीत. ताई काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

11 ऑक्टोबर
धुकं. घरबसल्या लार्चचं पत्र लिहायला घेतलं: लॅरिसिफोमेस ऑफिसिनॅलिस, अगारिकॉन. 'औषधी' हा शब्द जिच्या शास्त्रीय नावातच आहे अशी या यादीतली एकच. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसने औषधींच्या ग्रंथात 'अगारिकॉन' नोंदवलं आहे. पुढे क्षयरोग्यांच्या रात्रीच्या घामावर तिच्यातलं अगॅरिक आम्ल देत असत. गंमत नावाची: 'अगारिकस' हा शब्द निघाला या फळीवरून, पण लिनिअसने तो पापुद्रेवाल्या छत्र्यांना लावला आणि आज तो बटण अळंबीच्या घरी नांदतो. मूळ मालकीण बेघर.

ओळख: जुन्या, उभ्या लार्च किंवा डग्लस फरवर उंचावर, पांढरट, खडूसारखी ठिसूळ. वर्षानुवर्षं थर चढत खुरापासून लांब दंडगोलापर्यंत वाढते. आत पांढरी, चव जहाल कडू असते (आपण चाखणार नाही). उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हैडा, त्लिंगित या लोकांच्या वैद्य-पुरोहितांच्या थडग्यांवर या फळीतून कोरलेल्या आकृत्या ठेवत. संग्रहालयांत त्या लाकडी म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ते लाकूड नसून अळंबी असल्याचं दाखवलं गेलं. माझ्या फ-3 पेक्षा मोठी चूक आणि माझ्यापेक्षा मोठ्या लोकांची, एवढं समाधान.

2019 पासून ती जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. तिला लागतात जुनी झाडं, आणि जुनी झाडंच आधी तोडली जातात. आमचं एकमत: ती दिसली तर फोटो, झाडाचा घेर, आणि बस्स. जागा नकाशावर टाकायची नाही. तुकडासुद्धा काढायचा नाही.

18 ऑक्टोबर
मिळाली. या वेळी पेन्सिल.

फरचा जुना खुंट, मुळाशी. एका बाजूला देठ असलेली मूत्रपिंडाकार फळी, काळपट लाल, ओली असल्यासारखी चमकणारी, पण बोट लावलं तर कोरडी. आणि पाठीवर, शेजारच्या शेवाळावर, खाली पडलेल्या सुयांवर तपकिरी पूड. बोट फिरवलं तर त्याखालून चमक निघाली, धूळ बसलेल्या पेटीवर रेघ ओढावी तशी. आरशात खालची बाजू फिकट, बारीक रंध्रांची. लाकूड फिकट, तंतुमय. यजमान, कूज, पूड, तिन्ही एकाच दिशेला.

फळी तोडली नाही. देठाजवळून नखाएवढा तुकडा आणि वर्खावर पुडीचा ठसा. ताईने रात्री पाहिले: बीजाणू तपकिरी, एका टोकाला कापल्यासारखे, आणि भिंत दुहेरी, दोन भिंतींमध्ये बारीक खुंट्या. गॅनोडर्मा. नोंद तेवढीच ठेवली. फरवरची युरोपातली गॅनोडर्मा कार्नोसम, हेमलॉकवरची पूर्व उत्तर अमेरिकेतली गॅनोडर्मा त्सुगे, या अशाच दिसतात आणि मी एकदा तोंडघशी पडलो आहे.

एक लक्षात आलं: गाभ्याच्या रंगावर जायचं नाही. गॅनोडर्मा म्हणजे आतून तपकिरी असं मी धरून चाललो होतो, आणि हिचा गाभा जवळपास पांढरट. त्सुगेचाही फिकटच असतो.

25 ऑक्टोबर
पाइनच्या बुंध्याशी जमिनीतून वर आलेली, मखमली, मधे तपकिरी, कडेला पिवळी. फीओलस श्वाइनित्झी. लोकर रंगवणाऱ्यांच्या आवडीची, झाडाच्या मुळांची नावडती. मुळं आणि बुंधा तपकिरी कुजवते, मग वाऱ्याने झाड आडवं. औषधी यादीत तिला जागा नाही. कुणीतरी पाठवलेल्या फोटोखाली 'पिवळी रेशी' लिहिलेलं होतं, म्हणून नोंद.

1 नोव्हेंबर
पत्रांवर भांडण. एका सहकाऱ्याचं म्हणणं, प्रत्येक पत्रावर 'उपयोग' असा रकाना हवा, लोक तेच बघतात. माझं म्हणणं, लोक तेच बघतात म्हणूनच नको. तडजोड: रकान्याचं नाव 'कशासाठी प्रसिद्ध', आणि त्याखाली पुरावा कुठवर आला आहे ते. गॅनोडर्मासाठी मजकूर असा ठरला: कर्करोगावर तिच्या वापराच्या चाचण्यांचा 2012 चा कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा सांगतो की पहिला, मुख्य उपचार म्हणून तिला आधार नाही, रूढ उपचारांच्या जोडीला विचार होऊ शकतो, पण चाचण्यांचा दर्जा बेताचा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये, ही ओळ लाल शाईत.

आणि हॅपॅलोपायलस निड्युलन्सचं इशारापत्र वेगळं केलं. दालचिनी रंगाची, मऊ, साधी दिसणारी छोटी फळी, बहुतेक रुंदपर्णीवर पण अधूनमधून सूचिपर्णीवरही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच जांभळी होते. विषारी आहे, यकृत-मूत्रपिंडावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करते. 'फळीवाल्या अळंबीत विषारी नसतातच' असं मी स्वतः दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी सांगितलं होतं.

15 नोव्हेंबर
शेवटची फेरी, पहिला बर्फ पडण्याआधी. फ-3 पाशी गेलो. सप्टेंबरात किनारीवर पेन्सिलने रेघ मारली होती. रेघेपासून किनार 6 मि.मी. पुढे. थेंब नाहीत. किनार अजून पांढरी, पण थंड पडून घट्ट झालेली. लाल पट्टा गडद.

फरच्या खुंटावरची गॅनोडर्मा जागेवर नाही. कुणीतरी देठासकट उपटून नेली आहे, बुडाशी पायांचे ठसे आणि शेवाळ खरवडलेलं. शेवाळावरची तपकिरी पूड तेवढी राहिली होती. वर्खावर थोडी गोळा केली, पिशवीवर तारीख टाकली. पिशवी शीतपेटीत, आजच.